जुना दारूगोळा, नवे नेमबाज

मॅगझिनच्या मराठी विभागात लिहायचं म्हटलं की विषय ठरलेले असतात. पहिला पाऊस, पहिलं प्रेम, आई, शेतकरी आणि ‘हॉस्टेल लाइफ’. हे सगळे विषय माझ्यापेक्षा चांगलं लिहिणाऱ्यांनी आधीच बुक करून ठेवलेत. म्हणून मी अशा विषयावर लिहिणार आहे, जो रात्री अकरानंतर हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर चालू असतो आणि सकाळी कोणीच कबूल करत नाही. गेम्स! आणि त्यातही गोळीबाराचे, म्हणजे शूटर गेम्स.

सर आणि मॅडम, कृपया लगेच पान उलटू नका. शेवटी तुमच्यासाठीही एक अर्ज आहे.

तर मुद्दा असा. आमच्या वर्गात एक निष्णात नेमबाज आहे. नाव सांगत नाही, रोल नंबर तर अजिबात नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल अर्धवट टाकून तो मोबाइलवर शंभर जणांच्या बेटावर उतरलेला असतो. एकदा कॅन्टीनमध्ये चहा पिता पिता तोच म्हणाला, “सगळे गेम सारखेच वाटलालेत गं. काही तरी वेगळं सांग की.” मी म्हटलं, जुने खेळ. तो म्हणाला, “आजोबाच्या जमान्यातलं काय खेळायचं!” आणि हसला. चहा संपला, विषयही संपला. पण माझं उत्तर संपलं नव्हतं. ते इथे लिहिते आहे, म्हणजे त्याच्यासारख्या बाकीच्या मंडळींनाही उपयोगी पडेल.

जुने खेळ म्हणजे साधारण १९९२ ते २००३ या काळातले कॉम्प्युटरवरचे ॲक्शन गेम्स. ते का खेळावेत, याची माझ्याकडे तीन कारणं आहेत. ‘जुनं ते सोनं’ हे त्यात नाही. पुष्कळ जुनं हे नुसतं भंगारच असतं.

पहिलं कारण अगदी साधं आहे. जुना खेळ थांबवता येतो.

हसू नका. ही फार मोठी गोष्ट आहे. हॉस्टेलवर रात्री नऊ-साडेनऊला घरचे फोन येतात. कोणाची आई लातूरहून, कोणाचे वडील अहमदपूरहून, कोणाची आजी किनवटच्या एखाद्या वाडीवरून शेजाऱ्याच्या फोनवरून बोलते. आणि आपला नेमबाज काय करतो? कट करतो. का, तर मॅच चालू आहे. ऑनलाइन मॅच थांबवता येत नाही, मध्येच सोडली तर बाकीचे तिघं शिव्या घालतात. मग “आई, दहा मिनिटांनी करतो” म्हणायचं, आणि त्या दहा मिनिटांच्या पुढे अजून एक मॅच असते. मग आई झोपून जाते. डूममध्ये एस्केपची कळ दाबली की राक्षस जिथल्या तिथे उभे राहतात. तुम्ही आईशी अर्धा तास बोला, जेवलास का, पैसे आहेत का, सगळं होऊ द्या. परत आलात तरी राक्षस तसेच उभे! जो खेळ आपल्यासाठी थांबतो तो आपला खेळ. ज्याच्यासाठी आपल्याला थांबावं लागतं ती नोकरी झाली, आणि तीही बिनपगारी.

दुसरं कारण. जुना खेळ तुमच्याकडे असतो, तो कोणी काढून घेऊ शकत नाही.

पबजी मोबाइल आठवतोय ना? २ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारने ११८ ॲप्सवर बंदी घातली, त्यात तो गेला. २०२१ च्या जुलैमध्ये तोच ‘बीजीएमआय’ नावाने परत आला. जुलै २०२२ मध्ये पुन्हा दुकानातून गायब झाला. मे २०२३ मध्ये पुन्हा हजर! बंदी योग्य की अयोग्य हा वाद मी इथे घालत नाही. मी एवढंच म्हणते की जो खेळ दुसऱ्याच्या सर्व्हरवर राहतो तो आपल्याकडे भाड्याने असतो. बाहेरदेशीही हेच. यूबीसॉफ्ट कंपनीचा ‘द क्रू’ हा गाड्यांच्या शर्यतीचा खेळ २०१४ मध्ये आला, लोकांनी पैसे मोजून घेतला, आणि ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाल्यावर तो एकट्यालाही खेळता येईना. त्यावर युरोपात मोठी चळवळ उभी राहिली. याउलट १९९३ चा डूम आजही चालतो. हॉस्टेलचं वायफाय बंद असलं तरी चालतो, दिवाळीत गावाकडे रेंज नसली तरी चालतो, लाईट गेली तर लॅपटॉपची बॅटरी असेपर्यंत चालतो. मराठवाड्यातल्या माणसाला याहून जास्त काय सांगायचं?

तिसरं कारण पैशाचं. जुना खेळ एकदा विकत घेतला की व्यवहार मिटला. हल्लीचा खेळ फुकट मिळतो आणि मग हळूहळू वसुली करतो. सीझन पास, पेटी, बंदुकीचे रंग. आमच्या बॅचमधल्या एकाने मेसच्या पैशातून बंदुकीला सोनेरी रंग घेतला आणि महिनाअखेरीला वडापाववर दिवस काढले. बंदूक तीच, गोळी तीच, नेमही तोच (म्हणजे चुकणाराच)! फक्त रंग वेगळा. रोज लॉगिन केलं तर बक्षीस, नाही केलं तर नुकसान, अशी त्याची रचनाच असते. डूमला तुम्ही सहा महिने हात लावला नाहीत तरी तो रुसत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो संपतो! शेवटचा टप्पा पार पडला की खेळ खलास. मग माणूस उठून आंघोळ करतो, अभ्यासाला बसतो. निदान बसू शकतो.

आता माझ्या नेमबाज मित्रा, प्रत्यक्ष माल बघ.

सुरुवात कर ‘डूम’पासूनच. १० डिसेंबर १९९३ ला आयडी सॉफ्टवेअर या छोट्याशा टोळीने तो काढला. पहिला भाग फुकट वाटायचा, आवडला तर पुढचे विकत घ्यायचे, अशी त्यांची पद्धत होती. त्यात बंदूक वर-खाली रोखता येत नाही, फक्त डावी-उजवीकडे. तुला वाटेल हे काय! पण दहा मिनिटं खेळ. मग लक्षात येईल की हा नेमापेक्षा पायांचा खेळ आहे. हल्लीच्या शूटरमध्ये आपण भिंतीआड दडून बसतो, डोकं बाहेर काढतो, गोळी लागली की परत दडतो आणि जखम आपोआप भरते. डूममध्ये जखम आपोआप भरत नाही. औषधाची पेटी शोधावी लागते, आणि ती नेमकी दहा राक्षसांच्या मागे ठेवलेली असते. दडून राहिलास तर मेलास, पळत राहिलास तर जगलास. शिवाय सगळ्या बंदुका एकाच वेळी जवळ बाळगता येतात. २००१ मध्ये ‘हेलो’ आला, त्याने दोनच शस्त्रं बाळगायची आणि कवच आपोआप भरायचं अशी रीत घालून दिली. मग बहुतेकांनी तीच उचलली. तुला सगळे खेळ सारखे वाटतात ना, त्याचं मोठं कारण हे.

दुसरा ‘हाफ-लाइफ’, नोव्हेंबर १९९८. हा आपल्या लोकांसाठीच आहे. यातला नायक कमांडो नाही, एमआयटीतून पीएचडी झालेला भौतिकशास्त्रज्ञ आहे. लॅबमध्ये प्रॅक्टिकल करायला जातो आणि प्रॅक्टिकल असं काही फसतं की दुसऱ्या जगातले प्राणी प्रयोगशाळेत घुसतात. (आमच्या लॅबमध्ये फक्त फ्यूज उडतो.) पहिलं हत्यार म्हणून हातात येते ती साधी पहार. मध्ये सिनेमे दाखवून गोष्ट सांगत नाहीत, सगळं तुझ्या डोळ्यांसमोर घडतं. त्यातले सैनिक तुला बाजूने घेरतात, दडलास तर हातबॉम्ब टाकतात. आणि तुझा लाडका ‘काउंटर-स्ट्राइक’ जन्माला आला तो याच खेळाच्या पोटी. मिन्ह ली आणि जेस क्लिफ या दोन पोरांनी १९९९ मध्ये हाफ-लाइफमध्ये फेरफार करून तो बनवला, आणि नंतर कंपनीने दोघांनाही कामावर घेतलं. दुसऱ्याच्या कोडमध्ये हात घालणं नेहमीच वाईट नसतं, व्हायवाच्या वेळी सोडून.

तिसरा ‘प्रोजेक्ट आयजीआय’. हे नाव ऐकून मोठे भाऊ-बहीण, मामा लोक एकदम हळवे होतील. सायबर कॅफेत तासाच्या भावाने खेळलेली पिढीच्या पिढी आहे आपल्याकडे. २००० साली नॉर्वेच्या इनरलूप स्टुडिओने तो काढला. त्याआधी ते लढाऊ विमानांचा खेळ करत, त्याच्याच इंजिनवर हा उभा केला. म्हणून त्यात लांबच लांब डोंगर आणि मोकळी माळरानं आहेत. दुर्बिणीने तळ न्याहाळायचा, कॅमेरा चुकवायचा, तारेखालून घुसायचं. अलार्म वाजला की बराकीतून माणसं येतच राहतात. आणि खरी गंमत अशी की मिशनच्या मध्ये सेव्ह करायची सोय नाही. शेवटच्या दारात मेलात तरी पुन्हा पहिल्या तारेपासून सुरुवात. लातूरला अकरावी-बारावी केलेल्यांना हे वेगळं समजवायला नको. हाच तो लातूर पॅटर्न! एक मार्क गेला? पेपर पुन्हा पहिल्यापासून. आम्ही लातूरची पोरं आयजीआयला घाबरत नाही.

चौथा ‘मॅक्स पेन’, २००१, फिनलंडच्या रेमेडीचा. काळ संथ करून हवेत उडी मारत गोळ्या झाडायच्या. हा प्रकार ‘मॅट्रिक्स’ सिनेमामुळे सगळ्यांना माहीत झाला होता, या खेळाने तो आपल्या माउसच्या कळीवर आणून ठेवला. गोष्ट फार दुःखी आहे. बायको-मुलगी गमावलेला पोलीस, न्यूयॉर्कची बर्फाळ रात्र. मधले प्रसंग चित्रकथेच्या पानांसारखे दाखवलेत, आणि नायकाला चेहरा दिलाय तो खेळाचा लेखक सॅम लेक याने स्वतःचाच! गॅदरिंगच्या नाटकात लेखकच हिरो होतो, तसं.

पाचवा ‘सीरियस सॅम’, हाही २००१ चा, क्रोएशियातल्या झाग्रेबच्या क्रोटीमचा. यात विचार करायचा नाही. मोकळं मैदान आणि समोरून शेकड्यांनी येणारी भुतं. पण दोस्तांबरोबर एकाच बाजूने खेळता येतो. चार लॅपटॉप, एक स्विच, एक वायर. पीएलच्या आधीच्या शनिवारी खेळावा असा खेळ.

‘ड्यूक न्यूकेम थ्रीडी’ मी मुद्दाम वगळला आहे. १९९६ चा हा खेळ खूप गाजला आणि तांत्रिकदृष्ट्या चांगलाही आहे. पण त्यातल्या बायका एकतर नाचण्यासाठी आहेत किंवा वाचवून घेण्यासाठी. मुलींच्या हॉस्टेलवर कोण गेम खेळतं, असं विचारणाऱ्यांनी एकदा येऊन स्कोअर बघावा, मग कोणाला वाचवायची गरज आहे ते ठरवू.

आता एक गोष्ट इंजिनिअर म्हणून. बाकीच्या लोकांना जुने खेळ फक्त खेळता येतात, आपल्याला ते उघडूनही बघता येतात. डूमचा सोर्स कोड १९९७ च्या डिसेंबरात खुला झाला, क्वेकचा १९९९ मध्ये, क्वेक थ्रीचा २००५ मध्ये. डेटा स्ट्रक्चर्सच्या तासाला बायनरी ट्री शिकताना “याचा उपयोग काय?” असं आपण सगळे मनात म्हणतो. डूमने एका ट्रीच्याच जोरावर त्या काळच्या मशीनवर खोल्या, जिने, खिडक्या पळवल्या. कोणती भिंत आधी काढायची आणि कोणती नंतर, हे खेळ सुरू होण्याआधीच झाडात रचून ठेवलेलं असतं. ही कल्पना त्यांची स्वतःची नव्हती. ती १९८० च्या एका शोधनिबंधातली होती, जॉन कारमॅकने ती शोधून वापरली. म्हणजे लायब्ररीतले जुने पेपर वाचणारा माणूस राक्षस मारण्याच्याही उपयोगाचा असतो!

क्वेक थ्रीच्या कोडमध्ये वर्गमुळाचा व्यस्त काढणारं एक छोटंसं फंक्शन आहे. दशांश संख्येचे बिट्स सरळ पूर्णांक म्हणून वाचायचे, एक घर सरकवायचे, एका विचित्र आकड्यातून वजा करायचे, आणि मग न्यूटन-रॅफसनची एक पायरी. बास! उत्तर जवळजवळ बरोबर. ही युक्ती लोक कारमॅकच्या नावावर खपवतात, पण ती त्याच्याआधीपासून फिरत होती. न्यूटन-रॅफसन आपण मॅथ्समध्ये आठ मार्कांसाठी पाठ करतो आणि परीक्षा झाली की विसरतो. तो एखाद्या रॉकेट लाँचरच्या आत बसलेला आहे हे कोणी वेळेवर सांगितलं असतं, तर निदान लक्षात राहिला असता.

आणि हे लोक कुठले होते? आयडी सॉफ्टवेअरची मुख्य चौकडी भेटली ती सिलिकॉन व्हॅलीत नव्हे, लुईझियाना राज्यातल्या श्रीव्हपोर्ट नावाच्या शहरात, एका सॉफ्टवेअर मासिकाच्या नोकरीवर. १९९० च्या सप्टेंबरात कारमॅक आणि टॉम हॉलने एका रात्रीत पीसीवर मारिओसारखा सरकणारा पडदा करून दाखवला. नायक मात्र वापरला तो जॉन रोमेरोच्या ‘डेंजरस डेव्ह’मधला. हो, तोच डेव्ह, जो आपल्याकडच्या शाळांच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये पिढ्यान्‌पिढ्या खेळला गेला! पुढच्या तीन-सव्वातीन वर्षांत हीच पोरं डूमपर्यंत पोचली. आपल्या जवळचंच बघायचं तर पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ काढला, आणि पुण्याच्याच सुपरगेमिंगने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ‘इंडस’ हा शूटर आणला. पुणं आपल्यापासून एका रात्रीच्या ट्रॅव्हल्सवर आहे. सगळं काही अमेरिकेतच होतं असं नाही.

जुन्या खेळांत खोट नाही असं मी म्हणत नाही. चेहरे लाकडी आहेत. वाट दाखवणारा बाण नसतो, लाल किल्ली शोधत अर्धा तास त्याच बोळातून फिरावं लागतं. नव्या विंडोजवर काही खेळ रुसतात, थोडी खटपट लागते. आणि ज्याला व्यसनच लावून घ्यायचंय तो डूमनेही रात्र घालवेल. पण डूम त्याला सकाळी नोटिफिकेशन पाठवून परत बोलावणार नाही, एवढा फरक आहे.

आता तो अर्ज.

माननीय रेक्टर सर, मॅडम आणि लॅब इन्चार्ज यांस. हॉस्टेलमधला गेम हा विषय निघाला की तुमच्याकडे एकच उपाय असतो : वायफाय बंद. वायफाय बंद केलं की मोबाइलचा डेटा चालू होतो, आणि दार आतून लागतं. खेळ थांबत नाही, फक्त एकटा होतो. माझी विनंती अशी की महिन्यातून एका शनिवारी संध्याकाळी लॅबची लॅन आम्हाला द्या. पायरेटेड काही लागणार नाही. क्वेक थ्रीच्या खुल्या कोडवर बनलेला ‘ओपनअरेना’ आहे, डूमच्या इंजिनवर चालणारा ‘फ्रीडूम’ आहे, दोन्ही कायदेशीर आणि मोफत. इंटरनेट लागत नाही, पैसे लागत नाहीत. ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्सना वेगळी मान्यता दिली, तेव्हा सरकारलाही हा फरक कळतो. मुलांची टीम, मुलींची टीम, सर लोकांचीही एक टीम. साडेनऊला मेन स्विच बंद, म्हणजे घरचे फोन सगळ्यांना घेता येतील.

रक्तपाताबद्दल तुमचा आक्षेप असेल, तर तो मला समजतो. पण हे रक्त लाल चौकोनांचं आहे. मला जास्त काळजी वाटते ती दार लावून एकट्याने पहाटे तीनला खेळणाऱ्याची, ज्याला आपण हरलो की जिंकलो हे सांगायला खोलीत कोणी नसतं. लॅबमध्ये हरला तर शेजारचा पाठीवर थाप तरी मारेल. किंवा चिडवेल. दोन्ही चालतं.

आणि नेमबाज मित्रा, तुला एवढंच. पेन ड्राइव्ह घेऊन ये, फ्रीडूम देते. एक आठवडा खेळ. नाही आवडला तर चहा माझ्याकडून. आवडला तर तुझं अर्धवट जर्नल आधी पूर्ण कर, मग क्वेक देते. बघ, पटतंय का!